पेनेलपी रात्री कापड उसवायची, तेव्हा मशाल कोण धरायचं?

ताणाबाणा (विटा)

नमस्कार मंडळी. मी विट्यात शाळेत मराठी शिकवते. सांगलीत आमचा एक वाचनकट्टा भरतो, पुढच्या वेळची मांडणी माझ्याकडे आहे. विषय मीच मागून घेतलाय: ग्रीक पुराणकथा कोणाच्या नजरेतून सांगितली जाते, आणि त्याच कथेवरच्या आजच्या कवितेत ती नजर कुठे सरकते. याचं एक तयार उत्तर सगळीकडे मिळतं. पूर्वी पुरुषांची नजर होती, आता कवितेनं बायकांना आवाज दिला. मला ते पुरेसं वाटत नाही. का, ते सांगते.

होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातली पेनेलपी घ्या. नवरा ओडिसियस ट्रॉयच्या लढाईला गेला तो वीस वर्षं घरी नाही. वाड्यात मागणी घालणाऱ्यांनी ठाण मांडलंय, तिचा मुलगा टेलेमॅकस एके ठिकाणी मोजून सांगतो तेव्हा ते १०८ भरतात. पेनेलपी त्यांना म्हणते, सासऱ्यांसाठी, म्हणजे लेअर्टीझसाठी, कफन विणायला घेतलंय, तेवढं होऊ द्या, मग लग्नाचं बघू. दिवसा विणते, रात्री मशाली लावून उसवते. तीन वर्षं खपतं. चौथ्या वर्षी एक दासी फोडते.

ही हकिगत महाकाव्यात तीनदा येते, आणि ओळी जवळजवळ त्याच आहेत. दुसऱ्या सर्गात अँटिनूस हा उमेदवार भर सभेत टेलेमॅकसला ऐकवतो: दोष आमचा नाही, तुझ्या आईचा आहे, बघ तिनं आम्हाला कसं झुलवलं. एकोणिसाव्या सर्गात पेनेलपी स्वतः एका भिकाऱ्याला सांगते (तो भिकारी म्हणजे तिचा नवरा, पण तिला ते माहीत नाही). चोविसाव्या सर्गात अँफिमीडॉन नावाचा मारला गेलेला उमेदवार पाताळात ट्रॉयच्या लढाईतला ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन याच्या भुताला सांगतो, आम्ही मेलो कसे त्याचा खुलासा म्हणून. पहिल्याच्या तोंडी तो आरोप आहे, तिच्या तोंडी कोंडी, तिसऱ्याच्या तोंडी कैफियत. शब्द तेच, फक्त ‘ती’च्या जागी ‘मी’ येतो. तेव्हा जुन्या कवीला नजर बदलता येत नव्हती, असं म्हणायला मी तयार नाही.

आता माझी खरी अडचण. आमच्या घरी माग होते. कापडात खोट आली की वडील माग थांबवायचे आणि आम्हाला हाक मारायचे. कापडावर वाकून बाण्याचा (आडवा) एकेक धागा सुईनं उचलायचा, कापायचा, अलगद ओढून घ्यायचा. बोटभर कापड मागं घ्यायला ते विणण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. ताणा (उभे धागे) केसाळतो, बोटाचा जरा दाब जास्त पडला की तुटतो, आणि काढलेल्या जागी फणीचा वण दिसत राहतो. हे झालं सुताचं. ग्रीक बायका लोकर विणायच्या, आणि त्यांचा माग उभा असायचा. दोन खांब, वर आडवा दांडा, त्यावरून सोडलेला ताणा, ताण्याच्या टोकांना मातीची वजनं. बाई उभ्यानं वरून खाली विणत येणार, बाणा वरच्या अंगाला ठोकणार. असल्या मागावरचं दिवसाचं काम एकटीनं, मशालीच्या उजेडात, लोकर न गुंतवता रात्रीत उसवायचं? माझा हात तरी हे मान्य करत नाही. कोणीतरी मशाल जवळ धरली असणार. सुटलेली लोकर कोणीतरी गुंडाळून ठेवली असणार, नाहीतर सकाळी पुन्हा विणणार काय? त्या दासी. पण या गोष्टीत त्यांचं एकच काम सांगितलंय, फितुरी.

तर विचारायचंय ते हे. आजचा कवी पेनेलपीला किंवा तिच्या दासीला ‘मी’ म्हणून बोलायला लावतो, तेव्हा जुन्या गोष्टीत दबलेली नजर तो वर काढतो, की आपली नजर तिच्यावर चढवतो? आणि कविता वाचताना हे ओळखायचं कशावरून?

हरिपूर रोड (सांगली)

ताई, तुमचं वाचून तिन्ही उतारे काढून बसलो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण हे सोडवत नाही.

माझ्या मते गोष्ट कोण सांगतंय एवढं पाहून भागत नाही. समोर कोण बसलंय तेही बघावं लागतं. तुमच्या तिन्ही उदाहरणांत ऐकणारा ठरलेला आहे, आणि सांगणाऱ्याला त्याच्याकडून काहीतरी हवंय. अँटिनूसला टेलेमॅकसनं आईला माहेरी धाडायला हवंय. पेनेलपीला त्या परक्या माणसाकडून नवऱ्याची खबर हवीय. भुताला ॲगमेम्नॉनची सहानुभूती हवीय, आणि ती त्याला मिळतही नाही. ॲगमेम्नॉन त्याला सोडून पेनेलपीचंच कौतुक करतो, कारण त्याच्या स्वतःच्या बायकोनं त्याचा घात केलेला. तो तिथून ऐकतोय.

‘ओडिसी’ म्हटलं की आपल्याला जे आठवतं, एकडोळ्या राक्षस, माणसांची डुकरं करणारी सर्सी, गाण्यानं खलाशांना भुलवणाऱ्या सायरनांचं गाणं, ते बहुतेक सगळं नवव्या ते बाराव्या सर्गात आहे आणि ते होमर सांगत नाही. ओडिसियस सांगतो. राजा अल्किनूसच्या दरबारात, जेवणं झाल्यावर. त्याला घरी जायला जहाज हवंय. त्याचे सगळे सोबती मेलेत, साक्षीला कोणी उरलेलं नाही. मधेच राजा त्याला म्हणतो की तू थापाड्या दिसत नाहीस, एखाद्या गायकासारखं सांगतोस. होमरनं हे वाक्य तिथं का ठेवलं असेल, याचा मी फार विचार केलाय. सायरनांची बाजू आपल्याला कळतच नाही. कळतं ते गाणं ऐकायला दोरानं डोलकाठीला बांधून घेतलेल्या ओडिसियसनं पुढे जहाजाच्या आशेनं सांगितलेलं. कॅनडाची लेखिका मार्गारेट ॲटवुड हिची १९७४ ची एक कविता आहे, तीत सायरन स्वतः बोलते, थेट ‘तुला’ म्हणून, आणि वाचणाऱ्यालाच बेटाकडे ओढते. ती चढवलेली नजर मला वाटत नाही. ओडिसियसनं जी जागा रिकामी ठेवली तिथंच ती बसलीय.

पण सगळ्यात मोठी जागा आठव्या सर्गात आहे. त्याच दरबारात अंध गायक डेमोडोकस ट्रॉयच्या पाडावाचं गाणं म्हणतो. गाण्यातला नायक समोर बसलाय हे त्याला माहीत नाही. ओडिसियस रडतो. आणि होमर उपमा देतो ती अशी: गावासाठी लढताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर झोकून देऊन एखादी बाई आक्रोश करते, आणि मागून शत्रू भाल्यानं तिच्या पाठीवर, खांद्यावर टोचून तिला गुलामगिरीत ओढून नेतात, तसा तो रडला. म्हणजे ट्रॉय ज्यानं पाडलं त्याचं रडणं सांगायला कवीनं ट्रॉयच्या बाईचं रडणं घेतलं. तिचं नाव नाही, गोष्टीत तिला पुढे जागा नाही. पण त्या सात-आठ ओळींत नजर तिच्यापाशी जाते, भाल्याच्या टोचणीसकट. वर्गात मी इथं थांबायचो आणि मुलांना बोलू द्यायचो.

आपली कथा आपल्यासमोर गायली जाणं हे आपल्याकडेही आहे. रामासमोर लव-कुश रामायण गातात. गदिमांनी ‘गीतरामायणा’ची सुरुवात तिथूनच केली. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं, पुढे वर्षभरात ५६ झाली. गदिमा आपल्या जिल्ह्यातले, शेटफळ्यात जन्मलेले. त्यांनी काय केलं बघा. गाणारी मुलं दोन, ऐकणारा राम, पण गाणी मात्र कौसल्येच्या, दशरथाच्या, अहल्येच्या, सीतेच्या तोंडची. एकाच गळ्यात सगळ्यांचा ‘मी’. सांगलीच्या माणसाला यात नवल वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधारच म्हणायचा, पात्रं मधून मधून आपापलं भाषण करायची. होमर गाणारा माणूसही तसाच. अँटिनूस तोच आणि पेनेलपीही तोच. गळा एकच असल्यामुळे श्रोत्याला फरक कळायचा तो बोलणं कोणाला उद्देशून चाललंय त्यावरून.

आजच्या कवितेनं हा समोरचा ऐकणारा काढून घेतला. इंग्रज कवी टेनिसनचा ‘युलिसीस’ (म्हणजे ओडिसियसच) बघा, १८३३ मध्ये लिहिला, १८४२ मध्ये छापला. म्हातारा राजा घरी कंटाळलाय, पुन्हा समुद्रावर जायचं म्हणतो, आणि शेवटी आपल्या खलाशांना हाक मारतो, माझ्याबरोबर कष्ट काढलेल्या जिवांनो म्हणून. कोणते खलाशी? होमरकडे तर इथाकाला, आपल्या घरच्या बेटावर, तो एकटाच पोचला. ज्यांना तो बोलावतोय ते समुद्राच्या तळाशी आहेत. ही कविता मला फार मोठी वाटते ती यासाठी, की ऐकणारा नसताना ती ऐकणाऱ्याला हाक मारते.

तेव्हा माझी कसोटी अशी. कवितेतली बाई हे कोणाला सांगतेय, आणि त्यानं ऐकून काय करावं असं तिला वाटतंय, हे विचारा. उत्तर मिळालं तर नजर तिची. नाही मिळालं तर कवीची.

द्राक्षवाला (तासगाव तालुका)

सर, मी बी. ए.ला असताना इकॅरसची कविता होती, तिच्याबद्दल एक गोष्ट मनात राहिलीय, इथं लिहितो. विषयाला धरून आहे.

बापानं मेणात पिसं बसवून पंख केले, पोरगं उंच गेलं, मेण वितळलं, समुद्रात पडलं. कथा ग्रीक, पण आपल्यापर्यंत तपशिलात पोचवली ती रोमन कवी ऑव्हिडनं, ‘मेटॅमॉर्फसीस’च्या आठव्या भागात. तिथं उडणाऱ्या बापलेकाला खालून तिघं जण बघतात. गळ टाकून बसलेला कोळी, काठीला टेकलेला मेंढपाळ आणि रुमण्यावर (नांगराच्या मुठीवर) रेललेला नांगऱ्या. बघून थक्क होतात आणि त्यांना वाटतं, आभाळातून जातात म्हणजे हे देवच असणार.

पुढं चित्रकार ब्रूगेलच्या नावावर असलेलं चित्र आलं, ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात समोर मोठा दिसतो तो नांगऱ्या, एका घोड्यामागं मान खाली घालून चाललेला. इकॅरसचे फक्त पाय, कोपऱ्यात, पाण्याबाहेर. त्या चित्रावर इंग्रज कवी ऑडननं १९३८ मध्ये कविता लिहिली. तिचं म्हणणं असं की दुःख कोणावर तरी कोसळत असतं तेव्हा बाकीचे आपापल्या कामात असतात, नांगऱ्यानं पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला असेलही, पण त्याच्या दृष्टीनं ते काही मोठं अपयश नव्हतं.

वर्गात सगळे म्हणाले, वा, सामान्य माणसाची नजर आली. मला ते तेव्हाही पटलं नाही. ऑव्हिडनं नांगऱ्याच्या मनात काय आलं ते सांगितलंय. तो थांबला, वर बघितलं, त्याला देव वाटले. ऑडन नांगऱ्याकडं बघतो, नांगऱ्याच्या आतून बघत नाही. संग्रहालयात भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाची ती नजर आहे. म्हणजे इथं जुन्या कवीनं शेतकऱ्याला मन दिलं आणि नव्यानं ते काढून घेतलं.

नांगर हाकणाऱ्याची मान खाली असते त्याला कारण आहे. नजर फाळापुढं ठेवली नाही तर तास (नांगराची रेघ) वाकडा जातो, आणि एक तास वाकडा गेला की त्याच्या शेजारचे सगळे जातात. दगड लागला तर रुमणं बरगडीत बसतं. माझ्या आज्ज्यानं बैलावर नांगरट केली, मी पोरवयात त्याच्यामागं चाललोय. आमच्या बागेत गारपीट झाली त्या दिवशी रस्त्यानं गाड्या जातच होत्या. त्यांना काही वाटलं नसेल असं मी लिहू शकत नाही, कारण मी गाडीत नव्हतो. कवितेनंही तेवढं पथ्य पाळावं.

घाटपायथा (वाई)

मी कविता लिहिते, म्हणून हा धागा सोडवत नाहीये. द्राक्षवाले दादा, तुमचं वाचल्यावर ते चित्र माझ्यासाठी बदललं.

सर, तुमची कसोटी मात्र मला अर्धीच पटते. युरिडिसीवर ती लावून बघते. ऑर्फियस मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो, वर पोचेपर्यंत मागं बघायचं नाही अशी अट, तो बघतो, ती कायमची परत जाते. व्हर्जिलकडे ती त्या क्षणी बोलते, कसलं हे वेड म्हणून विलाप करते. ऑव्हिडकडे ती तक्रारच करत नाही, कारण माझ्यावर प्रेम केलंस याखेरीज तक्रार करायची कशाची, असं कवीच तिच्या वतीनं सांगून टाकतो. दोघेही रोमन, दोघांमध्ये फार तर एका पिढीचं अंतर, आणि त्याच क्षणाच्या दोन नजरा.

आता दोन नव्या कविता. अमेरिकन कवयित्री एच. डी.ची ‘युरिडिसी’ १९१७ ची. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऑर्फियसला ‘तू’ म्हणून सुनावते. तुझ्या उद्धटपणानं, तुझ्या निर्दयपणानं मला पुन्हा इथं लोटलं. ऐकणारा पक्का, त्यानं काय ऐकावं तेही पक्कं. सरांच्या कसोटीनं नजर पूर्ण युरिडिसीची. पण तो राग मला विसाव्या शतकातल्या एका कवयित्रीचा ऐकू येतो. म्हणून मला तो कमी वाटत नाही. ती कविता मी कितीदा मोठ्यानं वाचलीय. पण नजर पुरती युरिडिसीची आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरी जर्मन भाषेतल्या रिल्के या कवीची, १९०४ ची. तीत ती ‘मी’ म्हणतच नाही. सगळं बाहेरून सांगितलंय. ती मेलेल्यांना वाट दाखवणाऱ्या हर्मीस देवाचा हात धरून चालतेय, अनिश्चित, सावकाश, आणि पायांत कफनाच्या लांब पट्ट्या अडकताहेत. ती स्वतःच्या मरणानं इतकी भरलीय की पुढे कोण चाललाय याचा तिला पत्ता नाही. हर्मीस दुःखानं म्हणतो, तो वळला. ती विचारते, कोण? तेवढा एकच शब्द. ऐकणाऱ्याकडून तिला काहीही नकोय. सरांच्या कसोटीवर ही नापास. पण युरिडिसीच्या इतक्या जवळ दुसरी कुठली कविता गेलेली मला माहीत नाही. ऑर्फियसची इतकी मोठी कथा तिच्या बाजूनं ‘कोण?’ एवढीच आहे.

मला कळतं ते त्या पट्ट्यांवरून. नवऱ्याच्या मागं चालणारी बाई सगळ्यांनी पाहिली होती, पण मेलेल्या बाईला कफनात चालायला जड जाईल हे फक्त तिच्या पायांतूनच कळेल. कवितेत अशी एक तरी वस्तू सापडली, जी तिथूनच दिसते, तर नजर खरी. ताई, तुमचं मागाचं निरीक्षण त्याच जातीचं आहे. अख्ख्या प्रश्नाला तुम्ही बोटांनी हात घातलात.

आणि यासाठी ग्रीसला जायचीही गरज नाही. माझी आजी जात्यावर सीतेच्या ओव्या म्हणायची. त्यांत कैकेयी म्हणजे साक्षात सासू, आणि वनवासाइतकाच मोठा सीतेचा सासुरवास. तो इतका होता की सीतेनं तो पुढच्या बायकांना थोडा थोडा वाटून दिला, आपल्या वाट्यालाही त्यातलाच आलाय, अशा अर्थाची एक ओवी होती. पोथीतल्या राजवाड्यात हे कुठे येतं? खुंट्याला जिचा हात आहे तिला ते तिथून दिसलं. समोर दळायला बसलेली दुसरी बाई हीच तिची ऐकणारी, म्हणजे सरांचंही इथं खरं ठरतं.

ताणाबाणा (विटा)

तुम्हा सगळ्यांचं छापून ठेवलं. वाईच्या ताईंची ‘वस्तू’ आणि सरांचा ‘ऐकणारा’ यांतलं एक निवडावं असं मला वाटत नाही, दोन्ही घेऊन वाचते.

त्या दासींकडे परत येते. बाविसाव्या सर्गात ओडिसियस उमेदवारांना मारल्यावर म्हातारी दाई युरिक्लियाला विचारतो, घरातल्या कोणत्या बायका बेइमान निघाल्या. ती सांगते, पन्नास आहेत, त्यांतल्या बारा. त्या बारा जणींना आधी प्रेतं उचलायला लावतात, मेजं-खुर्च्या पाण्यानं, स्पंजांनी पुसायला लावतात. ओडिसियसनं तलवारीनं मारायला सांगितलेलं असतं, पण टेलेमॅकस म्हणतो यांना असं स्वच्छ मरण द्यायचं नाही, आणि जहाजाचा दोर बांधून त्यांना ओळीनं फाशी देतो. होमर म्हणतो, घरट्याकडे निघालेल्या पक्ष्यांनी जाळ्यात अडकावं तशा. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही.

ते पाय कोणी पाहिले? टेलेमॅकसनं पाहिले असतील तर त्याच्या तोंडी आधी आलेला तिरस्कार त्या ओळीत का नाही? घरट्याकडे निघालेले पक्षी, हे त्यांना लटकवणाऱ्याला सुचेल का? ॲटवुडनं २००५ च्या ‘पेनेलोपिॲड’ कादंबरीमध्ये या बारा जणींचा कोरस केला, मधे मधे त्या पद्यात बोलतात, आणि पेनेलपीच्या सांगण्याला तो कोरस छेद देत जातो. सर, ती त्या ओळीपाशी गेली असेल ना? मला वाटतं, होमरनं ते पाय दाखवले नसते तर तिलाही त्यांच्यापर्यंत पोचता आलं नसतं.

हरिपूर रोड (सांगली)

अगदी तिथूनच. ॲटवुडनं प्रस्तावनेत स्वतःच सांगितलंय की त्या फाशी दिलेल्या दासी तिच्या मनातून जात नव्हत्या.

वाईच्या ताई, रिल्केपुढं मी माझी कसोटी रेटणार नाही. पण एक भर घालतो. होमर हजारो ओळी ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ असं सांगत जातो आणि क्वचित अचानक पात्राकडे वळून ‘तू’ म्हणतो. होमरच्याच ‘इलियड’मध्ये सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस हा योद्धा मरायला टेकला की कवी त्याच्याशी थेट बोलतो. आणि ‘ओडिसी’त हा मान कोणाला? युमेअसला. डुकरं राखणाऱ्याला. तो बोलायला लागला की ‘मग तू उत्तर दिलंस, डुकरं राखणाऱ्या युमेअस’ असं येतं, पुन्हा पुन्हा. राजाला नाही, राजपुत्राला नाही. तो विकून आणलेला गुलाम होता, हेही होमर त्याच्याच तोंडून सविस्तर सांगतो. छंदाच्या सोयीसाठी हे आलं असं काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ती जवळीक लागतेच.

आणि ताई, मांडणीत अँफिमीडॉनला विसरू नका, तो फार कामाचा आहे. कफन संपलं आणि त्याच सुमारास ओडिसियस आला, असं तो सांगतो. पुढे म्हणतो की धनुष्याची पैज ओडिसियसनंच बायकोला लावायला सांगितली, दोघांचा कट होता. आपण एकविसावा सर्ग वाचलेला असतो. पेनेलपीनं पैज लावली तेव्हा तो भिकारी कोण हे तिला माहीत नव्हतं, असंच आपल्याला सांगितलेलं असतं. म्हणजे भूत चूक सांगतंय, पण खोटं बोलत नाहीये. भाला लागून पडलेल्या माणसाला जमिनीवरून जे दिसलं आणि त्यावरून त्यानं जे जुळवलं, ते तो सांगतोय. जुन्या कवींना नजरेचं भान नव्हतं म्हणणाऱ्याला हा उतारा द्या.

द्राक्षवाला (तासगाव तालुका)

ताई, कट्टा खुला असतो का? छाटणीची गडबड नसली तर यायची इच्छा आहे. आणि अँफिमीडॉन मला वाचायला द्या. हरलेल्या माणसाचं म्हणणं आहे, नीट वाचलं पाहिजे.

ताणाबाणा (विटा)

खुला असतो, नक्की या, अँफिमीडॉन तुमचाच. असं ठरवतेय: कफनाचे तिन्ही उतारे मराठी करून तीन जणांनी सलग वाचायचे, मध्ये एक शब्दही स्पष्टीकरण नाही. अँटिनूस सरांनी वाचावा, पेनेलपी मी वाचते. मग ओडिसियसच्या रडण्याची ती उपमा. त्यानंतर इकॅरसची जोडी, ऑव्हिड आणि ऑडन शेजारी शेजारी, आणि तासगावच्या भाऊंनी रुमण्याचं इथं लिहिलंय तसंच बोलायचं. युरिडिसी वाईच्या ताईंकडे. मी लहान मागाची चौकट आणतेय, वीतभर विणलेलं कापड सगळ्यांसमोर उसवायला देणार, ज्याला हवं त्यानं करून बघावं.

एक जागा रिकामी आहे. मशाल धरणाऱ्या दासीची कविता मला मराठीत कुठे सापडली नाही. घाटपायथा, तुम्ही लिहाल?

घाटपायथा (वाई)

लिहिते. कालपासून तेच डोक्यात आहे. कोणाला सांगेल हे आधी ठरवलं, सरांसाठी. ती पेनेलपीलाच सांगणार. अठराव्या सर्गात मेलँथो नावाची दासी येते. पेनेलपीनं तिला लेकीसारखं वाढवलं होतं, खेळणी दिली होती, असं होमर स्वतः सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की तिला पेनेलपीच्या दुःखाचं काही नव्हतं. कापडाचं कोणी फोडलं त्या दासीचं नाव कुठेच नाही, फाशी गेलेल्या बारांतही मेलँथोचं नाव घेतलेलं नाही. एवढी मोकळीक मला पुरेशी आहे. खेळणी घेणारी पोरगी आणि रात्री मशाल धरणारी बाई एकच, असं धरून लिहीन.

दोन गोष्टी मला तुमच्याकडून हव्यात, ताई. सुटलेली लोकर हाताला कशी लागते, आणि खालची मातीची वजनं काढताना-बांधताना आवाज होत असेल का? रात्रीचं काम आहे, वाड्यात माणसं झोपलीत, ते मला माहीत असायला हवं. तारीख कळवा, मी एस. टी.नं आदल्या संध्याकाळी सांगलीत येईन.